तीन थाउ आत

दर रविवारी सकाळी न्यूझीलंडहून मुलीचा फोन आला की कारखानीस काकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो.

“केस धुतल्या का?”

त्यांच्या घरी खोली भाड्याने घेऊन मी राहायला आलो, त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी हे ऐकलं आणि मनात म्हटलं, माणूस एवढा शिकलेला, पण मराठी कच्चं. मी आठवीतून शाळा सोडलेला. पण ‘केस धुतले’ म्हणतात, ‘धुतल्या’ म्हणत नाहीत, एवढं आमच्या चंदगडकडच्या शाळेत मलासुद्धा शिकवलं होतं. अर्थात बोललो नाही. परमुलखात ज्याच्या छपराखाली झोपायचं, त्याचं व्याकरण काढू नये.

फोन पुढे चालूच होता. “वाळवल्या नीट? आत ओल नाही ना राहिली? कापल्या? सगळ्या एका लांबीच्या कापल्यास ना, की आपलं अंदाजपंचे?”

मला कौतुक वाटलं. आमच्याकडे पोरीच्या रिबिनीचा रंग बापाला सांगता यायचा नाही, आणि हे गृहस्थ समुद्रापलीकडच्या मुलीच्या केसांची एवढी चौकशी करतात! तेवढ्यात काका म्हणाले, “मान मला जरा सैल वाटतेय. आवळ. पण खांद्याला धक्का लावायचा नाही.”

माझ्या हातातला चमचा थांबला.

“आणि गोळी तीन थाउ आत बसव. पावडर आहे तेवढीच ठेव. कणभरसुद्धा वाढवू नकोस.”

आता, मला सिंगापूरला पाठवणाऱ्या एजंटानं दोनच गोष्टी घोकून घेतल्या होत्या. एक, च्युइंगगम खायचं नाही. दुसरी, कुणाची पिशवी आणि कुणाची पावडर हातात धरायची नाही. मी तसाही घाबरट. इथल्या मराठी मंडळींकडे एम्प्लॉयमेंट पास असतो, पदव्या असतात. माझ्याकडे एका खानावळीच्या मालकाच्या मेहरबानीवर मिळालेला, त्याखालचा एस पास आणि हाताला आलेली भाजणीची चव. लिफ्टमध्ये पोलीस दिसला तरी मी उगीच खिसे चाचपतो. गोळी आणि पावडर एकाच वाक्यात ऐकल्यावर मी गॅस बंद केला, खोलीत गेलो आणि बॅग काढली.

काका चहा शोधत दाराशी आले.

“कुठे निघालास?”

“काका, माझे आईवडील आहेत घरी.”

“सगळ्यांच्याच घरी असतात.”

“मी कुणाला काही सांगणार नाही. मला फक्त जाऊ द्या.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं, आणि मग ते असे हसले की भिंतीला टेकावं लागलं. हसून झाल्यावर म्हणाले, “बस. आणि आधी चहा कर. रिकाम्या पोटी तुला काडतूस कळणार नाही.”

तर प्रकार असा होता. काकांची एकुलती एक मुलगी मीनल न्यूझीलंडला असते, जनावरांची डॉक्टर आहे. तिचा नवरा डॅन तिकडचाच. त्यांच्या बाजूला शेतात हरणं शिरतात म्हणून घरोघर परवान्याच्या रायफली, आणि रविवारी गावाबाहेरच्या मैदानात नेमबाजी. आपण घरी लोणचं घालतो तशी तिकडची हौशी माणसं घरी काडतुसं भरतात. वापरलेली पितळी केस फेकायची नाही. धुवायची, वाळवायची, वाढलेली लांबी कापायची, नवी पावडर घालायची आणि तोंडात नवी गोळी बसवायची. केसच्या वरच्या निमुळत्या भागाला मान म्हणतात, तिच्याखालच्या उताराला खांदा. म्हणजे काकांचं व्याकरण बरोबर होतं. चुकलो होतो मी.

“पण काका, थाउ म्हणजे?”

“इंचाचा हजारावा भाग. तुझ्या डोक्यावरचा एक केस उभा चिरलास तर,” काका माझ्या डोक्याकडे बघत म्हणाले, “त्याची जाडी साधारण तेवढी.”

“आणि एवढ्यानं फरक पडतो?”

हा प्रश्न मी विचारायला नको होता. त्या दिवशी मी कामावर उशिरा पोचलो.

काकांचं म्हणणं मला समजलं ते असं. गोळी केसच्या तोंडात बसते, बाटलीला बूच बसतं तशी. ती किती आत दाबायची हाच सगळा प्रश्न. रायफलच्या नळीत आतून आटे असतात, गोळीला पीळ देणारे. गोळी फार बाहेर राहिली तर ती आधीच आट्यांना जाऊन टेकते. फार आत गेली तर आट्यांपर्यंत पोचेस्तोवर डुगडुगते, शिवाय आतला दाब वाढतो. मधे कुठेतरी एक जागा असते, तिथे बसवली की सगळ्या गोळ्या एकामागोमाग टारगेटवरच्या एकाच भोकातून जातात.

“कुठली जागा?”

“तेच तर! प्रत्येक रायफलची वेगळी. आणि रायफल आपणहून सांगत नाही. विचारत बसावं लागतं. तीन थाउ आत, पाच गोळ्या झाड, भोकं बघ. आणखी तीन थाउ आत, पाच झाड, भोकं बघ. बाकी काही हलवायचं नाही. एका वेळी एकच!”

‘एका वेळी एकच’ हा काकांचा तारक मंत्र. नावातच कारखाना असलेला हा माणूस चाळीसेक वर्षं कारखान्यांतच आहे. रोज पहाटे आमच्या मरीन परेडहून कंपनीच्या बसने निघायचं, पास दाखवून जुरोंग आयलंडवर शिरायचं, आणि तिथल्या पंपांचे आणि मोटारींचे दांडे एका रेषेत आहेत का ते बघायचं. दांडा केसभर हलला तर पंप रडतो म्हणे, आणि काकांना तो रडताना ऐकू येतो. सगळं आयुष्य दोन गोष्टी एकमेकींच्या समोर नीट आणण्यात गेलं.

म्हणून घरातही तेच. मी वरणात मीठ बदललं तर त्या आठवड्यात तांदूळ बदलायचा नाही. एकदा मी नकळत साबण आणि चहापत्ती दोन्ही नव्या कंपनीच्या आणल्या. काकांच्या अंगावर पित्त उठलं. अंग खाजवत ते घरभर फिरत होते, पण त्यांना पित्ताचं दुःख नव्हतं. “आता मला कसं कळणार कशानं उठलं? तू पुरावाच नष्ट केलास, सदा!” शेवटी साबण चालू ठेवून चहा सोडला. पित्त गेलं नाही. मग चहा चालू करून साबण सोडला. पित्त गेलं. साबण दोषी ठरल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, जणू घरात सून आली.

मऊ भातासाठी पाणी किती, हे ठरवायला त्यांनी मला पाच वाट्या भात लावायला लावला, प्रत्येकीत चमचाभर पाणी जास्त. मग डोळे मिटून एकेक घास खाल्ला आणि चौथ्या वाटीवर बोट ठेवलं. मी गेली कित्येक वर्षं भात लावतोय, गोव्यात लावला, मुंबईत लावला. पण खरं सांगतो, चौथी वाटीच बरोबर होती.

दुसरा मंत्र, ‘टोक खोटं बोलतं’. गोळीची लांबी टोकापासून मोजायची नाही, कारण कारखान्यातून येतानाच टोकं थोडी लहानमोठी, चेपलेली असतात. गोळी जिथे फुगते, जिथे ती नळीच्या आट्यांना पहिल्यांदा शिवणार, तिथून मोजायची. “पोटावर मोज, पोटावर!” ते फोनवर ओरडायचे. हा मंत्र ते माणसांनाही लावायचे. कुणी फार गोड बोललं, कार्ड पुढे केलं, की लिफ्टमधून बाहेर पडताना मला म्हणायचे, “टोक चांगलं आहे.”

आणि गंमत म्हणजे काकांनी उभ्या आयुष्यात काडतूस भरलेलं नाही. बंदूक हातात धरली ती एकदाच, कॉलेजात एनसीसीत असताना.

“मग? लागला नेम?”

“लागला की. शेजाऱ्याच्या टारगेटवर. माझे दोन्ही डोळे मिटलेले होते. त्याला कप मिळाला, मला ड्रिलमधून सुटी.”

“तरी तुम्ही ताईंना शिकवता?”

“मला बंदूक कुठे कळते? मला मोजणं कळतं. बंदूक तिची ती बघते.”

या देशात काडतूस सोडाच, रिकामी केस जवळ बाळगायची सोय नाही. शेजारच्या मिसेस टान यांचा मुलगा सैन्यातली सक्तीची दोन वर्षं करून आलेला. तो सांगायचा, नेमबाजीच्या मैदानातून निघताना प्रत्येकाला ओरडून सांगावं लागतं, साहेब, माझ्याकडे गोळी नाही, रिकामी केस नाही. आता काकांना तर मुलीला समजावायला काहीतरी हातात लागतं. मग ते गाजर कोरतात. शनिवारी संध्याकाळी टेबलाशी बसून सुरीने गाजराची केस, गाजराची गोळी, गाजराची नळी. मी विचारलं, गाजरच का? तर म्हणाले, “पोलीस आले तर पुरावा खाऊन टाकता येतो.” आमच्याकडे दर रविवारी गाजराची कोशिंबीर असते ती यामुळे. मिसेस टान कॉरिडॉरमधून जाताना जाळीच्या दारातून हे बघायच्या आणि मान हलवायच्या. “अंकल आह, एव्हरी संडे बुलेट, बुलेट. वन डे पोलीस कम, देन यू नो!” काका गाजराचा तुकडा पुढे करायचे. “हॅव सम बुलेट, मिसेस टान.” त्या तो खायच्याही.

रविवारच्या फोनला मात्र फक्त एकच नियम होता. तो चालू असताना घराला आग लागली तरी काकांना हाक मारायची नाही. मीनलताई सकाळी मैदानावर जाऊन यायची, मग फोनवर आधी झाडलेल्या केसांचे तळ दाखवायची. काका चष्मा कपाळावर चढवून, स्क्रीन नाकाला लावून बघायचे, तळ चपटा झालाय का. तो चपटा झाला तर आत दाब जास्त. टारगेट चांगलं की वाईट हे नंतर. “आधी तळ. तळ ठीक आहेत? बरं. बोटं दाखव. दहाही दाखव.” ती हसत दहा बोटं दाखवायची. मग तास-दीड तास भोकांची चर्चा. जेवताना काका आठवडाभराचं एकदम जेवल्यासारखे जेवायचे. ज्या रविवारी तिला जनावरांच्या दवाखान्यात जावं लागे आणि फोन येत नसे, त्या रविवारी चौथ्या वाटीचा भातसुद्धा तसाच राहायचा.

याच सुमारास पार्सलचं प्रकरण झालं. काका कामावर, मी एकटा घरी, आणि दारात न्यूझीलंडचं पार्सल. खोका लहान. हलवला तर आत काहीतरी घरंगळलं. वाटलं, ताईंनी प्रेमापोटी बापाला एक काडतूस धाडलं असणार, नमुना म्हणून. शिकलेल्या माणसांना कायद्याची भीती नसते. मिसेस टान दारातून म्हणाल्या, “पार्सल आह? फ्रॉम डॉटर?” मी म्हटलं, “नो, नो, व्हेजिटेबल.” आणि दार लावून घेतलं. मग विचार केला, पावडर भिजली की मेली. बादली पाण्याने भरली आणि खोका त्यात बुडवला. वर तव्याचं वजन ठेवलं.

काका संध्याकाळी आले. बादलीत डोकावले. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे तवा काढला, लगदा झालेला खोका उघडला. आत मधाची बाटली होती आणि एक लोकरीची माकडटोपी. ताईने स्वतः विणलेली. काकांनी कधीतरी सांगितलं होतं, कंपनीच्या बसमध्ये एसी फार असतो म्हणून.

“अरे सदा,” काका टोपी पिळत म्हणाले, “आधी उघडायचं, मग भिजवायचं. एका वेळी एकच.”

टोपी खिडकीबाहेरच्या बांबूवर वाळत घातली. सिंगापूरच्या उन्हात ती आटून लहान मुलाची झाली. काकांनी ती तशीच वापरली. पहाटे कंपनीच्या बसथांब्यावर उभे असायचे, डोक्यावर टोपी नव्हे, झाकण ठेवल्यासारखे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी म्हटलं, काका, दुसरी आणतो. म्हणाले, “कशाला? बसतेय की. फक्त थोडी वर बसतेय.”

हा माणूस मला त्या प्रकरणानंतरही घराबाहेर काढत नाही, याचं मला फार वाटलं. आधीच्या खोलीतून एका दिवसात निघावं लागलं तेव्हा हातात दोन पिशव्या घेऊन मी उभा होतो आणि यांनी एवढंच विचारलं होतं, “वरणात गूळ घालतोस का?” मी हो म्हटलं आणि किल्ली मिळाली. असल्या माणसाची टोपी मी आटवली.

पार्सलच्या आठवड्यातल्या रविवारी आम्ही ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर फिरायला गेलो. समुद्रात जहाजं रांगेत उभी होती. काका बाकावर बसले आणि मी न विचारता बोलले.

“तुझी काकू होती तोवर फोन तीच करायची. तास-तास. मी मागून फक्त ओरडायचो, पैसे आहेत का विचार, थंडी आहे का विचार. ती गेली आणि फोन माझ्या हातात आला. मिनू विचारायची, जेवलात? मी म्हणायचो, हो. तू? ती म्हणायची, हो. बरं, ठेव. झालं. भांडण नाही, काही नाही. विषयच नाही. आम्ही दोघंही तुझ्या काकूशी बोलायचो रे, एकमेकांशी बोलायची वेळच कधी आली नव्हती.”

मी त्यांच्या शेजारी बसलो.

“मग एकदा ती सहज म्हणाली, डॅनने रायफल दिलीय, पण गोळ्या इकडे-तिकडे जातात. मी म्हटलं, इकडे-तिकडे म्हणजे किती? मोजलंस? ती म्हणाली, नाही. मी म्हटलं, मोज. तो फोन दुपारपर्यंत चालला. जेवलीस का हे विचारायचं राहूनच गेलं.”

मला एकदम आमचं घर आठवलं. मी बाबांना फोन केला की आम्ही म्हशीबद्दल बोलतो. किती दूध देते, गाभण राहिली का, वैरण आहे का. मला वाटायचं, बाबांना माझ्यापेक्षा म्हैस लाडकी. त्या दिवशी बाकावर बसल्या-बसल्या कळलं की म्हैस मधे उभी आहे म्हणून आमचं चाललंय. मी काकांना तसं सांगितलं. ते म्हणाले, “म्हैस चांगली. रवंथ करते. विषय पुरतो.”

नंतरच्या रविवारांत भोकं जवळजवळ यायला लागली. आधी तळहातावर मावतील एवढी पसरलेली, मग लाडवाएवढी, मग पेढ्याएवढी. काका फोनवर ओरडत, मी स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकत असे. मलाही नाद लागला होता. खानावळीत पुऱ्या लाटताना मनात यायचं, आज ताईंनी आणखी तीन थाउ आत बसवली असेल.

आणि एका रविवारी फोन उचलल्याबरोबर मीनलताई किंचाळलीच. “बाबा! पाचही! पाचही एकाच भोकात! चिंचोक्याएवढं भोक आहे, बाबा!” मागून डॅन ओरडत होता, “वेल डन, बाबा!” मी न राहवून स्वयंपाकघरातून बाहेर आलो आणि नियम मोडून टाळ्या वाजवल्या. ताईने टारगेट कॅमेऱ्यासमोर धरलं. मधोमध एकच भोक, कडा जराशा फाटलेल्या.

काका म्हणाले, “तळ दाखव.” तळ ठीक होते. “बोटं.” बोटं दहा होती. “छान,” काका म्हणाले. “सापडली जागा. आता कशालाही हात लावू नकोस.”

मी शिरा केला. साजूक तुपातला. काका दोन चमचे खाऊन उठले. मला वाटलं, आनंदाने पोट भरलं असेल.

पुढच्या रविवारी फोन आला. केस धुतल्या? धुतल्या, बाबा. तळ? ठीक. भोकं? सगळी एकत्र, मस्त चाललंय.

“वा,” काका म्हणाले.

“तुम्ही जेवलात?”

“हो. तू?”

“हो.”

“बरं. ठेव मग.”

माझा चहा अजून उकळायचा होता.

त्याच्या पुढच्या रविवारी काका तयारीत होते. म्हणाले, “मिनू, मी काय म्हणतो, पावडर दुसऱ्या कंपनीची घेऊन बघायची का?” ताई म्हणाली, “बाबा, तुम्हीच म्हणालात ना, हात लावू नकोस म्हणून?” काका म्हणाले, “हो, ते बरोबरच आहे.” आणखी एका रविवारी त्यांनी गोळीची कंपनी बदलायचं सुचवलं. ताई हसली, “अहो बाबा, डॅन म्हणतो, त्याच्या सगळ्या क्लबात हिच्यासारखी चालणारी रायफल नाही. आता कशाला छेडायची?” काकांनाही पटलं. पटणारच. जे चालतंय त्याला हात न लावणं हेच तर त्यांनी जन्मभर कारखान्यात सगळ्यांना ओरडून सांगितलं होतं.

त्या शनिवारी गाजर कोरलं गेलं नाही. मिसेस टाननी दारातून विचारलं, “अंकल, टुडे नो बुलेट?” काका म्हणाले, “फिनिश्ड, मिसेस टान. ऑल करेक्ट.” त्या मला हळूच म्हणाल्या, “युवर अंकल सिक आह?”

मला वाटत होतं, ताईंना फोन करून सांगावं. पण काय सांगणार? ताई, तुमची रायफल थोडी बिघडवा? मी कोण, खानावळीतला स्वयंपाकी. बापलेकीच्या मधे तोंड घालायला माझ्याकडे ना नातं, ना शिक्षण. मी फक्त वरणात गूळ थोडा वाढवला. काकांच्या लक्षात आलं नाही. तेव्हा मी खरा घाबरलो.

आणि मग एका रविवारी फोन आला, तो नेहमीपेक्षा आधी. ताईचा आवाज पडलेला. “बाबा, घोटाळा झालाय. भोकं परत पसरायला लागली.”

काका खुर्चीत सरळ झाले. “पसरली? किती पसरली? मोजलंस?”

“मोजलं. फोटो पाठवलाय. मी कशालाही हात लावला नाही, शप्पथ. पावडर तीच, गोळी तीच. मग असं का?”

“घसा!” काका म्हणाले. आवाज असा की मिसेस टाननाही ऐकू गेला असणार. “अगं, घसा झिजला असणार! गोळी नळीत शिरते ना, तिथल्या तोंडाशी घसा असतो. प्रत्येक गोळीबरोबर आग निघते, ती घसा खाते. म्हणजे आटे पुढे सरकले, आपली गोळी आहे तिथेच. मधलं अंतर वाढलं. कळलं? आता गोळी थोडी बाहेर काढावी लागेल. पण किती, ते विचारावं लागेल.”

“अरे बापरे. म्हणजे परत सगळं?”

“परत सगळं.”

त्या दिवशी फोन दुपारपर्यंत चालला. मी हरखून भजी तळली. काका फोन ठेवून आले तेव्हा मी म्हटलं, “काका, बरं झालं घसा झिजला!” आणि लगेच जीभ चावली.

काकांनी ताईचा फोटो उघडला, चष्मा कपाळावर चढवला आणि फोन माझ्या हातात दिला. “काय दिसतं?”

मला काय दिसणार! पाच भोकं. तीन मधोमध, एकावर एक. एक थोडं डावीकडे, एक थोडं उजवीकडे.

“घसा झिजतो तेव्हा पाचही पसरतात,” काका म्हणाले. “ही तीन अजून एका भोकात आहेत. उरलेली दोन बघ. एक डावीकडे, एक उजवीकडे, दोन्ही मधल्यापासून सारख्याच अंतरावर. मी स्क्रीनला पट्टी लावून बघितलं. चुकलेली गोळी एवढी नीटनेटकी चुकत नाही, सदा. आणि हरणांवरची साधी रायफल ही. हिचा घसा झिजायला वर्षं जातात.”

मला कळायला वेळ लागला. भजं तेलात करपलं.

“म्हणजे ताईंनी मुद्दाम...”

“खबरदार तिला काही बोललास तर.”

मी मान हलवली. काका बराच वेळ तो फोटो बघत राहिले. अंगठ्याने मोठा करायचे, लहान करायचे. “पाच गोळ्या एका भोकात घालणारे पुष्कळ असतात,” ते स्वतःशीच म्हणाले. मग नाक ओढलं, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि एका बोटाने, हळूहळू, ताईला मेसेज लिहिला. लिहून झाल्यावर शुद्धलेखन बघ म्हणून मला दाखवला. मला, आठवी नापासाला.

‘फोटो नीट पाहिला. घसाच झिजला आहे. पहिल्यापासून मोजावं लागेल. वेळ लागेल.’

चूक एकही नव्हती. मी पाठवा म्हटलं. त्यांनी पाठवला आणि फोन टेबलावर उलटा ठेवला. तो ठेवला न ठेवला तोच वाजला.

‘चालेल, बाबा. मला घाई नाही.’